पिकल्या केसांवर हेल्मेट

म्हैसूरच्या यादवगिरीतला ‘आयडियल जावा’चा कारखाना १९६१ साली सुरू झाला आणि १९९६ साली बंद पडला. मधल्या पस्तीस वर्षांत तिथून आधी जावा आणि १९७३ पासून येझदी या नावानं ज्या मोटरसायकली बाहेर पडल्या, त्यांनी बंगळुरूच्या एका अख्ख्या पिढीला रस्त्याचं वेड लावलं. कंपनीच्या क्रेडिट सोसायटीतून कर्ज काढून ज्यानं १९८५ मध्ये, पंचविशीत, येझदी रोडकिंग घेतली, तो आज पासष्टीत आहे. मधली वीस-पंचवीस वर्षं संसारात गेली. दारात चारचाकी आली, मुलं शिकली, कुणी पुण्याला तर कुणी परदेशी गेलं, घराचं कर्ज फिटलं. मग निवृत्तीचे पैसे हातात आले आणि त्यानं पुन्हा एकदा मोटरसायकल घेतली.

रविवारी पहाटे साडेपाचला हेब्बाळच्या उड्डाणपुलावरून नंदी हिल्सच्या दिशेनं निघालेल्या मोटरसायकलींची रीघ लागलेली असते. त्यात कॉलेजची पोरं असतातच. पण देवनहळ्ळीच्या आसपास चहाला थांबून हेल्मेटं उतरली की पिकलेले केस बरेच दिसतात. या मंडळींबद्दल दोन तऱ्हेची बोलणी कानावर येतात. घरचे म्हणतात, ‘बाबा, आता पुरे ना!’ आणि मित्रमंडळी म्हणतात, ‘वय काय, नुसता आकडा!’ दोन्ही बोलणी प्रेमापोटीच येतात, पण दोन्हींत वयाकडे नीट बघायचं टाळलेलं असतं. वयानं मोटरसायकलस्वार लगेच वाईट होत नाही. उलट चाळीस वर्षांत रस्त्यानं त्याला पुष्कळ शिकवलेलं असतं. त्याच्या चुका कमी होतात. पण एकेका चुकीची किंमत मात्र दरवर्षी वाढत जाते. पंचविशीत पडलं तर गुडघा सोलवटतो, पासष्टीत पडलं तर खुबा मोडतो. हे एवढं ध्यानात धरलं, की या वयात कुठे जायचं, कसं जायचं आणि कधी थांबायचं, याची उत्तरं बरीचशी आपोआप मिळत जातात.

आधी आनंदाबद्दल बोलू, कारण तो खरा आहे आणि त्याची बाजू मांडायला हवी. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची पहिली सर पडून गेली, की सकलेशपूर-चिक्कमगळूर भागात कॉफीचे मळे आठवडाभरात पांढरे होतात. मोगऱ्याच्या जवळ जाणारा तो दाट वास रस्त्यावर उतरतो आणि दोन-चार दिवसांत ओसरतो. काचा वर करून, एसी लावून गेलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मोटरसायकलवर तो वळणावळणानं अंगावर येतो. घाट चढताना हवा कुठे गार झाली, दरीतलं धुकं कुठे संपलं, ओढा कुठे जवळ आला हे कातडीला आधी कळतं. ज्या वयात डॉक्टरांचे रिपोर्ट सोडले तर शरीराची कुणी फारशी दखल घेत नाही, त्या वयात शरीर असं सगळ्या बाजूंनी जागं होणं ही मोठी गोष्ट आहे.

दुसरा आनंद सोबतीचा. निवृत्तीनंतर पुरुषांचं बोलणं आटतं. ऑफिसातले विषय संपलेले असतात आणि नवे सुचत नाहीत. तीच माणसं टपरीवर अर्धा तास कार्बोरेटरबद्दल बोलतात आणि बोलता बोलता बायपासबद्दल, मुलाच्या घटस्फोटाबद्दल, एकटेपणाबद्दलही बोलून जातात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिवस साजरा होतो. त्या दिवशी बंगळुरूत जुन्या गाड्यांची जी गर्दी जमते, तिच्यात आजोबा आणि नातू एकाच इंजिनावर वाकलेले दिसतात. हल्ली पन्नाशीपुढच्या बायकाही या गर्दीत दिसू लागल्या आहेत. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बायकर्नी’ या महिलांच्या संघटनेनं देशभर वाट मोकळी केली. आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेल्या कुणी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हँडल हातात घेतलं, तर तिचा आनंद मला आम्हा जुन्या पुरुष स्वारांच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो.

मेंदूला याचा काही फायदा होतो का, हेही तपासलं गेलंय. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाचे र्‍यूता कावाशिमा यांनी यामाहा कंपनीबरोबर केलेला अभ्यास २००९ मध्ये पुढे आला. दहा वर्षांहून अधिक काळ मोटरसायकलला हात न लावलेल्या, चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांना दोन महिने रोजची ये-जा मोटरसायकलवरून करायला लावली. स्मरणशक्ती आणि जागेचं भान तपासणाऱ्या चाचण्यांत त्यांचे गुण सुधारले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांना वीस मिनिटांच्या स्वारीनंतर तणावाशी निगडित संप्रेरकांचं प्रमाण उतरलेलं आढळलं; त्या अभ्यासाला हार्ले-डेव्हिडसनचा पैसा होता. दोन्हींत माणसं थोडी होती आणि मोटरसायकल कंपन्यांचा संबंध होता, तेव्हा त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण तासभर पूर्ण लक्ष एकाच कामात गुंतलं की डोकं हलकं होतं, हा अनुभव ज्यानं घेतलाय त्याला ते निष्कर्ष परके वाटणार नाहीत.

आता दुसरी बाजू. ती सुरू होते डोळ्यांपासून.

वयाबरोबर डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि आतलं भिंग पिवळसर, गढूळ होत जातं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर पोचतो. दिवसा हे जाणवत नाही. संध्याकाळी साडेसहाला मंड्या जिल्ह्यात, उसानं लादलेला आणि मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर पुढे असताना जाणवतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. समोरच्या ट्रकनं अप्पर मारला, तर तरुण डोळा क्षणात सावरतो. साठीतला डोळा बराच वेळ आंधळ्यासारखा राहतो आणि तेवढ्यात गाडी शे-दीडशे मीटर पुढे गेलेली असते. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसतं. काचबिंदूचं तर दुखणंच नसतं. तो बाजूची नजर हळूहळू खातो आणि आपल्याकडच्या रस्त्यावर कुत्रं, म्हैस, उलट दिशेनं येणारी स्कूटर, सगळं बाजूनंच येतं.

चष्म्याचीही एक खोच आहे. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. थांबताना पाय टेकवायला खाली पाहिलं की जमीन याच भागातून, धूसर दिसते. खडी आहे की खड्डा, हे कळत नाही. नेत्रतज्ज्ञाला ‘मी मोटरसायकल चालवतो’ असं आपणहून सांगितलं, तर तो फक्त लांबच्या नजरेचा वेगळा चष्मा देऊ शकतो. आपण सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

डोळ्यानं पाहिलं आणि हातापायानं ब्रेक दाबला, यामध्ये जो वेळ जातो तोही वाढतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगानं आपण दर सेकंदाला २२ मीटर जातो. प्रतिक्रियेला एक सेकंदाऐवजी दीड सेकंद लागला, तर ब्रेकवर बोट पडण्याआधीच अकरा मीटर जास्त गेलेले असतात, म्हणजे जवळजवळ एका एसटीची लांबी. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी पस्तीस-छत्तीस मीटर लागतात. याच्यावर औषध अनुभवाचंच आहे: पुढच्या गाडीपासून अंतर वाढवणं आणि वेग दहा-पंधरानं खाली आणणं. ताशी ६५ वर उशिराचा तो अर्धा सेकंद पूर्ण भरून निघतो, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गानं कमी होतं.

मानेचा विचार फारसा कुणी करत नाही. मोटरसायकलचा एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो: नजर जिथे, गाडी तिथे. हेअरपिन वळणावर हनुवटी खांद्यापर्यंत नेऊन वळणाच्या शेवटाकडे पाहावं लागतं. कोल्ली हिल्सच्या घाटात अशी ७० वळणं आहेत, मसिनगुडीहून उटीला चढणाऱ्या कल्हट्टी घाटात ३६. मणक्याची झीज झालेली मान तेवढी फिरत नाही. मग नजर वळणाच्या मधल्या दगडावर किंवा दरीच्या कठड्यावर अडकते आणि गाडी तिकडेच ओढली जाते. असा अपघात झाला की लोक ‘वळण बसलं नाही’ म्हणतात. घरी स्टँडवर उभ्या गाडीवर बसा, हेल्मेट घाला, हँडल सरळ ठेवा आणि हनुवटी दोन्ही खांद्यांकडे न्या. जिथे मान अडते, तिथपर्यंतचीच वळणं आपली. रोज दहा मिनिटं मानेचे आणि खांद्यांचे व्यायाम केले तर ही मर्यादा बरीच पुढे सरकते, हे फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्यांना माहीत आहे.

उभ्या गाडीवरून पडणं हे या वयातलं सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. पेट्रोल पंपावर सांडलेल्या डिझेलवर पाय पडतो. यू टर्न घेताना गाडी बंद पडते. उतरत्या कडेला थांबलो तर पाय अपेक्षेपेक्षा दोन इंच खाली टेकतो आणि तेवढ्यात गाडी कलते. एकदा ती विशिष्ट कोनाच्या खाली गेली की कुणाच्याच्यानं ती धरवत नाही. तरुण माणूस उडी मारून बाजूला होतो. आपला पाय मात्र सीटवरून चटकन निघत नाही आणि गाडी मांडीवर येते.

त्यात आपण या वयात गाड्याही जड घेतो. तरुणपणीची येझदी दीडशे किलोच्या आतली होती. आजची क्लासिक ३५० ही १९५ किलोची आहे, हिमालयनही त्याच आसपास. पुंजी जरा मोठी असेल तर बीएमडब्ल्यूच्या जीएसवर जीव जातो. आर १२५० जीएसचं वजन २४९ किलो. त्यावर पेट्या, सामान, मागे बायको. ताकद कमी होत असताना वजन वाढवत नेणं हा माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा अविचार आहे आणि तो शोरूममध्येच होतो. हीरो एक्सपल्ससारखी साधारण १६० किलोची किंवा १८० किलोच्या आसपासची हंटर ३५० सारखी गाडी कर्नाटकातल्या कुठल्याही रस्त्याला पुरते. घेताना आधी दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतात का ते पाहावं आणि सेल्समनला बाजूला करून गाडी स्वतः मागे ढकलून पाहावी. पडलेली गाडी उचलण्याची रीत आहे: पाठ सीटला लावायची आणि पायांच्या जोरावर मागे मागे जात उठायचं. पण साठीनंतर रीत माहीत असली तरी दोन माणसांची वाट पाहावी. आपल्याकडे रस्त्यावर माणसं चटकन धावून येतात.

जुन्या स्वारांचा आणखी एक धोका पायात दडलेला असतो. पूर्वीच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. ज्यानं त्या बुलेटवर पंधरा-वीस वर्षं काढली आणि मध्ये मोठा खंड पडला, तो नव्या गाडीवर आठवड्याभरात सरावतो. पण अचानक काही आडवं आलं की जुनी सवय डोकं वर काढते आणि पाय ब्रेक समजून गिअरवर पडतो. पुढचा डिस्क ब्रेकही ड्रमच्या सवयीनं करकचून दाबला जातो. म्हणून पुन्हा सुरुवात करणाऱ्यानं एखादी सकाळ मोकळ्या मैदानात केवळ जोराचा ब्रेक मारण्याच्या सरावाला द्यावी. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्यानं चाक जाम होत नाही आणि अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार प्राणघातक अपघात पाचव्या हिश्शानं घटतात. जुन्या गाडीवर प्रेम असेल तर ती जवळपासच्या फेरफटक्यासाठी ठेवावी; लांब जायला एबीएसची गाडी बरी. शिकायची लाज वाटू नये. डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष हा बंगळुरूचाच. त्यानं कोलारकडे उभारलेल्या ‘बिगरॉक’ मैदानात मातीवर गाडी कशी सांभाळायची ते शिकवलं जातं. डाकारला गेलेला माणूस सराव सोडत नाही, तर आपण का सोडावा?

आता पडल्यावर काय होतं ते. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या २००१ ते २००८ मधल्या मोटरसायकल अपघातांत इस्पितळात आलेल्या जखमींच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: विशी-तिशीतल्या स्वारांच्या तुलनेत साठीपुढच्यांना दाखल करून घ्यावं लागण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. कारणं साधी आहेत. हाडं विरळ झालेली असतात. छातीचा पिंजरा ताठ झालेला असतो, म्हणून फासळ्या वाकत नाहीत, मोडतात. मोडलेल्या फासळ्यांमुळे खोल श्वास घेता येत नाही, कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. मूळ अपघात किरकोळ असूनही माणूस आठवड्यानं अतिदक्षता विभागात पोचतो तो असा.

डोक्याच्या दुखापतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हे घरोघरी माहीत असायला पाहिजे. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो. तो आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात. डोक्याला झटका बसला की त्यातली एखादी फाटते आणि रक्त हळूहळू झिरपत राहतं. माणूस उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही, जरा धक्का लागला’ म्हणतो आणि गाडी चालवत घरी येतो. मग दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखू लागतं, बोलणं अडखळतं, एक पाय ओढला जातो, स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. घरच्यांना तो म्हातारपणाचा विसराळूपणा वाटतो. स्टेंट बसल्यानंतर किंवा हृदयाच्या ठोक्यांच्या आजारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका कितीतरी वाढतो. अशा माणसाचं डोकं आपटलं, हेल्मेट असलं, शुद्ध हरपली नसली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून स्कॅनबद्दल विचारलंच पाहिजे. बंगळुरूत निम्हान्ससारखी मेंदूची नामवंत संस्था आहे. तिथल्या डॉ. जी. गुरुराज यांनी रस्ते अपघात आणि डोक्याच्या दुखापती यांच्या अभ्यासात अनेक वर्षं घालवली. त्या साऱ्या कामाचा गाभा आजही हेल्मेटपाशीच येतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. तरीही भारतात २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. बंगळुरूच्या रस्त्यांवर अजूनही वाटीसारख्या अर्ध्या टोप्या दिसतात. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठानं हनुवटीसकट झाकणारं हेल्मेट, सांध्यांवर गाद्या असलेलं जॅकेट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट एवढं तरी घालावं. बंगळुरूची हवा यासाठी अनुकूल आहे; चेन्नईकर किंवा नागपूरकर याच जॅकेटात भाजून निघतो.

औषधांचं गणित बंगळुरूच्या एका सवयीशी थेट भिडतं. इथे ‘ब्रेकफास्ट राइड’ची मोठी हौस आहे. पहाटे रिकाम्या पोटी निघायचं आणि बिडदीची तट्टे इडली नाहीतर मद्दूरचा वडा खाऊन परतायचं. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निघालेल्याला वाटेत वाहतुकीत तासभर उशीर झाला, की रक्तातली साखर घसरते. हात थरथरतात, घाम येतो आणि त्याआधीच निर्णय चुकायला लागलेले असतात. गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची की निघण्याआधी काही खायचं, हे डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि खिशात साखर ठेवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, म्हणून मंडळी राइडच्या दिवशी गोळी तरी चुकवतात किंवा पाणी तरी पीत नाहीत. वयात तहान मुळातच कमी लागते. गाडीवर वारा घाम वाळवून टाकतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतही नाही. गाडीवरून उतरताना भोवळ येऊन पडणं हे त्यातूनच होतं. दर तासाला थांबावं, पाणी प्यावं, लघवीला जावं, पाय मोकळे करावेत. पेट्रोलच्या टाकीवर नव्हे, आपल्या मूत्राशयावर थांबे ठरवावेत. सर्दीची साधी गोळीही झोप आणते, हेही लक्षात असू द्यावं.

आणि कान. ताशी शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. दिवसभर तो ऐकला की कान वाजतात आणि थकवा दुप्पट होतो. मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळणारे फोमचे बोळे तो बराच कमी करतात, हॉर्न तरीही ऐकू येतो.

हे सगळं सांभाळून जायचं कसं, याचं एक उदाहरण बंगळुरूच्या मराठी स्वारांसाठी मुद्दाम देतो. बंगळुरू ही शहाजीराजांची जहागीर. त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात, चन्नगिरी तालुक्यातल्या होदेगिरीला आहे, इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास. २३ जानेवारी १६६४ रोजी त्या रानात शिकारीच्या वेळी घोड्याचा पाय अडकला आणि राजे घोड्यावरून पडून वारले. जन्म १५९४ चा धरला तर ते सत्तरीला टेकले होते. आयुष्य घोड्यावर काढलेला, आदिलशाही-निजामशाही-मोगलाई पाहिलेला माणूस. लढायांतून सुखरूप निघालेल्या या स्वाराला अखेर जमिनीतल्या एका अडथळ्यानं गाठलं. त्या जागी जाताना आपण आपल्या वाहनाचा आणि वयाचा विचार करून जावं, हे मला योग्य वाटतं.

पंचविशीचा गडी हे अंतर एका दिवसात जाऊन येईल. आपण तीन दिवस घ्यावेत आणि मंगळवारी निघावं, कारण निवृत्तीनं दिलेली सगळ्यात मोठी चैन म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टाळता येणं. उजाडल्यावर साडेसहाला निघालं की क्यातसंद्राला तट्टे इडली होते. तुमकूर, शिरा, हिरियूर करत दुपारपर्यंत चित्रदुर्ग. या पट्ट्यात डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उगीच उभारलेल्या नाहीत. आषाढ-श्रावणात इथला आडवा वारा गाडीला लेनच्या बाहेर ढकलतो, म्हणून हँडल सैल हातानं धरावं, छातीनं टाकीकडे थोडं झुकावं आणि ट्रकला ओलांडताना वारा अडतो नि पुन्हा आदळतो त्याला तयार राहावं. मुक्काम चित्रदुर्गला. दुसऱ्या दिवशी होळलकेरेच्या बाजूनं होदेगिरी आणि जवळच संतेबेन्नूरची देखणी पुष्करणी. या आतल्या रस्त्यांवर गावागावात पांढरे पट्टे न मारलेले हंप्स आहेत. शाळा, देऊळ किंवा बसथांबा दिसला की हंप आहे असंच समजावं. सूर्य कलायच्या आत परत चित्रदुर्ग. तिसऱ्या दिवशी घर.

म्हैसूरकडे जायचं असेल तर नवीन द्रुतगती महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. तरुण स्वारांना ती जाचते. आपल्याला सर्व्हिस रोडनं आणि जुन्या रस्त्यानं रामनगर-चन्नपट्टण-मद्दूर करत जाणंच मानवतं. लडाखचं स्वप्न असेल तर तो वेगळा विषय आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर, लेह ३,५०० मीटरवर आणि खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर, जिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्यावर येतो. वय हा त्यातला मुख्य अडसर नाही. हृदय आणि फुप्फुसं आहेत. निघण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला आणि लेहला पोचल्यावर किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती, याला पर्याय नाही.

ग्रुपबरोबर जाताना वेगळी काळजी घ्यावी लागते. पुढचे पोरगे ताशी शंभरनं जातात आणि मागे पडलेला ज्येष्ठ त्यांना गाठण्यासाठी आपल्या कुवतीबाहेर जातो. बहुतेकदा कुणी त्याला तसं सांगितलेलं नसतं, तो स्वतःच धावतो. जुने जाणते क्लब सर्वांत सावकाश चालवणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवतात आणि अनुभवी स्वाराला शेवटी, स्वीप म्हणून. त्यामुळे सगळ्या रांगेचा वेग सावकाश चालणाराच ठरवतो. ज्या ग्रुपला हे पटत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नये.

‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणारे टेड सायमन यांनी १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं ट्रायम्फवरून जगप्रदक्षिणा केली. २००१ मध्ये, सत्तरीच्या तोंडावर, ते पुन्हा त्याच वाटेनं निघाले. केनियात पडले, पाय मोडला. बरे झाल्यावर त्यांनी प्रवास पूर्ण केला. ही गोष्ट स्फूर्तीसाठी सांगितली जाते आणि सांगावीही. मात्र मोडलेला पाय जुळेपर्यंत थांबायची तयारी, वेळ आणि पैसा त्यांच्याकडे होता, हेही सांगावं. आपल्याकडे ही तयारी म्हणजे चालू असलेला आरोग्य विमा, जॅकेटच्या वरच्या खिशात रक्तगट, आजार, गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर लिहिलेला कागद, आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक. अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस किंवा इस्पितळ अडकवू शकत नाही, अशी तरतूद २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच आहे. ती जितक्या लोकांना माहीत होईल तितकं बरं.

राहिला थांबण्याचा प्रश्न. चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो आणि पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं. हा कागद बहुतेक जण उपचार म्हणून उरकतात. तीच संधी साधून डोळे, कान, मान, गुडघे आणि तोल यांची खरीखुरी तपासणी करून घ्यावी. शिवाय थांबायच्या खुणा आपण धडधाकट असतानाच लिहून ठेवाव्यात आणि घरातल्या एका माणसाला सांगाव्यात: महिन्यात दोनदा थोडक्यात वाचलो तर, उभ्या गाडीवरून पडलो तर, मेन स्टँडवर गाडी चढवता आली नाही तर. मग लेकीनं ‘बाबा, आता पुरे’ म्हटलं तर ते बोलणं आपण स्वतःच ठरवलेल्या गोष्टीची आठवण असते, अपमान नव्हे.

सोडायचं तेही एकदम सोडू नये. आधी रात्र सोडावी, मग पाऊस, मग हेअरपिनचे घाट, मग मागे माणूस बसवणं, मग जड गाडी. बरेच जण लांबचे प्रवास आधी सोडतात आणि बंगळुरूतली रोजची ये-जा चालू ठेवतात. मला हे उलटं वाटतं. संध्याकाळी सातला सिल्क बोर्डच्या चौकात शंभर वेळा पाय टेकवण्यात किरकोळ पडण्याचा जेवढा धोका आहे, तेवढा मंगळवारी सकाळी ताशी साठनं कुणिगलपर्यंत जाण्यात नाही, आणि आपल्याला किरकोळ पडणंच महाग पडतं. शहरात मेट्रो आहे, रिक्षा आहे. तिथलं चालवणं आधी बंद करावं. ज्यांनी सगळंच बंद केलंय, त्यांतले काही जण आता ग्रुपच्या मागून चारचाकी आणतात. डिकीत पंक्चरचं सामान, हवा भरायचा पंप, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं असतात आणि कुणाची कुठली गोळी किती वाजता, याची यादी डॅशबोर्डवर चिकटवलेली असते.